खुर्चीजवळचं झुडूप

५ फेब्रुवारी, गुरुवार

ही डायरी मनूने दिली आणि देतानाच पैज लावली, की मी चार पानांत कंटाळून सोडून देणार. मनू म्हणजे माझी बहीण. शीवला आईजवळ असते. माझ्याबद्दल तिचं एकच मत आहे: नील्या सुरू सगळं करतो, पूर्ण काहीच करत नाही. तिचं चूक नाही. बारावी सोडली, आयटीआय सोडलं, हंपीला हॉटेलात होतो ते सोडलं, कणकवलीच्या एका ट्रकवर क्लीनर होतो तिथून तर न सांगताच पळालो. म्हणून ठरवलंय, ही वही शेवटपर्यंत न्यायची. बघच तू.

तर आज खोताच्या वाडीत राहायला आलो! गिरगावात इतक्या वेळा भटकलोय, पण ही गल्ली आतून कधी बघितली नव्हती. लाकडी घरं, रंगीत कठडे, आणि गल्ली इतकी चिंचोळी की समोरून सायकल आली तर एकाने भिंतीला चिकटून उभं राहायचं. माझी खोली वरच्या मजल्यावर, बाहेरून लाकडी जिना. खाली ऑस्वाल्ड अंकल आणि बीट्रिस आंटी. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतले मूळचे ख्रिस्ती लोक, मराठी माझ्यापेक्षा जुनी आणि ठसकेबाज. अंकल गोदीतून रिटायर झालेत. व्हरांड्यात क्रोटनच्या कुंड्या, कुंड्यांच्या शेजारी वेताची खुर्ची, खुर्चीत अंकल, एक हात गुडघ्यावर. दिवसभर.

येतानाच एक गंमत झाली. गल्लीच्या तोंडाशी पाठीवर सॅक घेऊन मी थांबलो होतो, कारण वरच्या वायरीत पतंग अडकला होता आणि एक कावळा त्याची शेपटी ओढत होता. मी तो कावळा बघतोय तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, हलू नका! बघतो तर कॉलिन. माझा नवा साहेब आणि अंकलचा पुतण्या. हातात काठी, काठीवर गरगर फिरणारा कॅमेरा. अख्खी गल्ली स्कॅन करून गेममध्ये टाकायचं चाललं होतं. वाडीतल्या लोकांना याची सवयच आहे. दिवसभर कोण ना कोण फोटो काढायला येतो, मग कॅमेरा दिसला की ही माणसं आपोआप थबकतात, हसतात, आणि पुन्हा कामाला लागतात. पण हा कॅमेरा काही संपेना, तसा एकेक जण कंटाळून आत गेला. शेवटपर्यंत न हललेले दोघंच. मी, कावळ्यापायी. आणि अंकल, कारण चहा आल्याशिवाय ते उठतच नाहीत.

कॉलिन नंतर म्हणाला, अख्ख्या वाडीत तुम्ही दोघंच शहाणे. हलणाऱ्यांना कॉम्प्युटर स्वतःच पुसून टाकतो म्हणे. न हलणाऱ्यांचं काय करतो ते विचारायचं राहिलं, कारण तेवढ्यात आंटीने गरम फुगे आणले. फुगे म्हणजे तळलेले, गोल, आत पोकळ. सोबत कालचं मटण. मनू, मी इथून कुठे जात नाही आता.

७ फेब्रुवारी, शनिवार

ऑफिस चिंचपोकळीला, जुन्या कारखान्याच्या एका गाळ्यात. शेजारच्या गाळ्यात अजून लेथ चालतं. ते सुरू झालं की आमची भिंत, टेबल आणि दात एकदम थरथरतात. कोड लिहिणारा हितेंद्र म्हणतो, स्टिअरिंगला व्हायब्रेशनचा खर्च वाचला.

हा जॉब मला मिळाला तो भांडून. दादरच्या एका गेमिंग कॅफेत कॉलिनने त्याचा ड्रायव्हिंगचा गेम लोकांना खेळायला ठेवला होता. मी खेळलो आणि बोंबलत सुटलो. गाडीचं वजन खरं, क्लच खरा, रस्त्यातला खड्डासुद्धा खरा. आणि झाडं? अंगठ्याएवढं रोपटं, त्यावर दहा टायरचा ट्रक आदळला तर ट्रक जागच्या जागी खल्लास. आणि शेजारच्या दाट करवंदीच्या जाळीतून तोच ट्रक धुरातून गेल्यासारखा आरपार. मी म्हणालो, अरे, करवंदीची जाळी कधी गाडीला सोडते का? आरसा ठेवून घेते ती. कॉलिनने विचारलं, तुला काय माहीत? मी म्हणालो, आमचा ड्रायव्हर झोपाळू होता, घाटातली एकूण एक झाडं आम्ही ठोकलीत. त्याने लगेच विचारलं, सोमवारी येशील का.

तर मी चिंचपोकळीत बसून पगारी झाडं ठोकतो. याहून भारी काम जगात नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

काम समजलं. स्कॅनमधून निघालेली झाडं एकेक करून स्क्रीनवर येतात, प्रत्येकावर शिक्का मारायचा. शिक्के चार. सॉलिड, म्हणजे गाडी थांबते. वाकणारं. मोडणारं. आणि शोभेचं, म्हणजे दिसतं पण लागत नाही, गाडी त्यातून निघून जाते. पहिल्या तीन शिक्क्यांना धडक द्यावी लागते. स्टिअरिंगवर बसायचं, गाडी घ्यायची, झाडाला ठोकायची, मग मशीन तो शिक्का स्वीकारतं. शोभेच्याला धडक नको. नुसतं बटण दाबा, पुढचं.

माझ्याशेजारी स्पृहा बसते. तिचंही हेच काम. ती परळची, डबा उघडून ठेवते आणि बघायचंही नाही असा दम देते. एका दिवसात ती माझ्या दुप्पट झाडं उरकते. मी एकेक झाडाजवळ रेंगाळतो. केळ कशी पडते हे हितेंद्रला उभं राहून करून दाखवलं: केळीत लाकूडच नाही, नुसतं पाणी, ती मोडत नाही, दारुड्यासारखी बसकण मारते. बांबू वाकतो आणि गाडी गेल्यावर मागून फटका मारतो. नारळाला ठोकलं तर नारळाला काही होत नाही, आणि वरून नारळ पडतो.

आणखी एक मी सांगितलं त्यावर कॉलिन खूश झाला. गेममध्ये वाकलेलं झाड गाडी गेली की टुणकन सरळ होतं. असं नसतं, म्हणालो. एकदा चाकाखाली गेलेलं झाड जगतं, पाला फुटतो, पण पहिल्यासारखं सरळ कधीच होत नाही. कॉलिनने हितेंद्रला सांगितलं, हे टाक. हितेंद्र म्हणाला, टाकतो, पण आठवडा दोन आठवडे लागतील. आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्याच्या घरी पाहुणे पाठवले.

परत येताना लालबागला उतरलो. डंकांवर मिरच्या कांडायला सुरुवात झालीय. शिंकत शिंकत अर्धी गल्ली फिरलो. का उतरलो होतो ते आठवलंच नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

वाडीत आमच्या घराच्या वळणावर एक शेवगा होता. काल हितेंद्रने स्कॅनमधला तो शेवगा डिलीट केला. त्याची पानं इतकी बारीक की मशीन गरम होत होतं.

आज सकाळी वळणावर शेवगा नाही.

कापला म्हणावं तर खोड नाही, भुसा नाही, फांद्या नाहीत. जमीन सपाट, वर फरशी. आंटीला विचारलं तर म्हणाली म्युनिसिपालिटीवाले आले असतील मेले, शेंगा घेऊन गेले, मला एक नाही ठेवली. अंकल म्हणाले कोणी आलं नाही, मी इथेच बसलो होतो. आंटी म्हणाली, तू बसला होता का झोपला होता, डोले उगडे ठेवून झोपतो तू.

योगायोग. पण मी ऑफिसात काही बोललो नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

काल क्रोटनच्या कुंड्यांना शोभेचा शिक्का मारला होता. कुंडीला काय धडक द्यायची? आज सकाळी पाणी घालायला गेलो. पान पुसायला हात लावला आणि हात पानाला लागलाच नाही. म्हणजे पान होतं. लाल-पिवळं, समोर. हात त्यातून पलीकडे गेला. गार हवेतून गेल्यासारखा. पाणी घातलं ते पानांना न लागता सरळ मातीवर पडलं.

वर जाऊन तोंड धुतलं. पुन्हा खाली आलो. तेच.

मनू म्हणेल, काहीतरी ओढलं असशील. नाही गं. हंपीनंतर बंद आहे.

ऑफिसात दिवसभर डोकं ठिकाणावर नव्हतं. झाडं भराभर उरकली. दुपारी एक विचित्र झुडूप आलं. नाव मशीनने दिलं होतं, 'झुडूप, मध्यम, खुर्चीजवळचं'. पानं क्रोटनची, पण आकार बसक्या माणसासारखा, खांदे असल्यासारखे, आणि एक फांदी वाकून पुढे टेकलेली. स्पृहाला दाखवलं. ती म्हणाली, तुझ्यासारखंच आहे, काम सोडून बसलंय. हसलो. भूक लागली होती, चिवडा गल्लीत जायचं होतं. धडक कोण देत बसतो? शोभेचं. पुढचं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज यांचा राखेचा बुधवार. आजपासून ईस्टरपर्यंत उपास. सकाळी अंकल आणि आंटी चर्चला गेले, कपाळावर राखेचा क्रॉस लावून घ्यायला. आले तेव्हा आंटीच्या कपाळावर क्रॉस होता. अंकलच्या नव्हता. राख सगळी शर्टावर पडली होती. आंटी तक्रार करत होती, फादरनी दोनदा लावली, दोनदा गळली, याच्या कपाळाला तेल किती.

तेलबिल काही नव्हतं. मी जवळून बघितलं.

चहाचा कप त्यांच्या हातातून पडला. दुसरा दिला, तोही. कप निसटला असं नाही. बोटं मिटलेली होती आणि कप त्यातून खाली आला. अंकल हसले, म्हणाले, म्हातारा झालो रं. मग स्वतःच्या हाताकडे खूप वेळ बघत राहिले.

बसल्यावर त्यांचा एक हात गुडघ्यावर असतो. एक हात पुढे, वाकून, टेकलेला.

मी वर आलो आणि दार लावून बसलो.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

अंकल कालपासून खुर्चीतून उठलेले नाहीत. उठवत नाही म्हणतात. दुखत नाही, पण पाय ऐकत नाहीत, जमिनीने धरून ठेवल्यासारखे. काल दुपारपासून खाल्लेलं नाही. शेजारपाजारच्या बायका आंटीला म्हणतात, बघ, तुझा नवरा शेवटी धार्मिक झाला, कधी नव्हे तो उपास धरला. आंटी सुरुवातीला हसली. ज्या माणसाने लग्नाच्या आधीपासून एक उपास केला नाही, तो.

मग संध्याकाळी मी बघितलं. ती पेजेचा चमचा त्यांच्या तोंडाशी नेत होती. अंकल तोंड उघडत होते. चमचा आत जात होता आणि पेज खुर्चीच्या वेतावर पडत होती. ती पुसायची आणि पुन्हा भरायची. पुसायची, पुन्हा भरायची.

माझ्यामुळे. नीट बघायचा कंटाळा केला नसता— नाही, बटण दाबणं सोपं होतं म्हणूनच दाबलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

कॉलिन डॉक्टरांना घेऊन आला. बीपीचा पट्टा दंडावर थांबेना. सुई आत गेली, कशालाच न लागता, आणि रक्त आलं नाही. डॉक्टर घामाघूम झाले, म्हणाले ताबडतोब ॲडमिट करा. स्ट्रेचर आलं. चार जणांनी धरायचा प्रयत्न केला. धरायला काही नव्हतंच. चौघांचे हात आपापसात आपटले. त्यातला एक जण क्रॉसची खूण करत पळाला. तो हिंदू होता.

अंकलचा आवाज येतो अजून. पाणी मागतात.

२३ फेब्रुवारी, सोमवार

रविवारी ऑफिस बंद. आज सगळ्यात आधी पोचलो. कॉलिन आल्यावर सगळं सांगितलं. त्याच्या स्क्रीनवर ते झुडूप उघडून फिरवून दाखवलं. खांदे, गुडघा, हात. हे तुझे काका आहेत, म्हणालो. न हललेल्या माणसाला तुझ्या मशीनने झाड समजून पाला चढवलाय.

तो आधी हसला. मग बघत राहिला, आणि मग भडकला. माझा काका तिकडे मरतोय आणि तू मला कार्टून दाखवतोस? काय ओढतोस रे तू? हितेंद्रने त्याला बाहेर नेलं.

मी हितेंद्रच्या पाया पडायचा बाकी राहिलो. तो म्हणाला, वाटलं तर आत्ता डिलीट करतो. मी किंचाळलो. शेवगा आठवला. मग शिक्का बदल, म्हणालो. तो म्हणाला, शोभेचा शिक्का नुसता काढता येत नाही. बदलायचा तर दुसरा मारावा लागेल, आणि दुसऱ्याला धडक लागते. तुला माहीत आहे की.

माहीत आहे.

सॉलिड मारला तर गाडी त्यांच्यावर आदळून थांबेल. मोडणारं तर बोलायलाच नको. काही नाही केलं तर पाण्याचा थेंब न लागता ते त्या खुर्चीत—

आंटीने आज त्यांच्या ओठांवर ओला कपडा धरला. खुर्चीखाली थारोळं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

वाकणारं. हाच एक मार्ग. वाकेल आणि सरळ होईल. गाडी घेतली सगळ्यात हलकी, तीनचाकी टेम्पो. ठरावीक स्पीडपेक्षा हळू गेलं तर मशीन धडक मोजत नाही, म्हणून बरोबर तेवढ्याच स्पीडने. स्पृहा विचारत होती, नील, तू रडतोयस का. नाही म्हणालो.

गल्लीत शिरलो. स्क्रीनवरच्या. वळण, फरशी, शेवगा नसलेली जागा. व्हरांडा. झुडूप. मी डोळे मिटले नाहीत. निदान बघायला तरी हवंच होतं.

स्टिअरिंगला धक्का बसला. मऊ. क्लीनर असताना आमच्या ट्रकखाली एकदा कुत्रा आला होता, तसा.

झुडूप वाकलं. मशीनने शिक्का घेतला.

झुडूप वाकलेलंच राहिलं.

मी वाट बघत बसलो. हितेंद्र मागून आला, खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, बघ, तुझंच ते, काल रात्री टाकलं. आता सरळ होत नाही. एकदम खरं वाटतं ना?

२५ फेब्रुवारी, बुधवार

हॉस्पिटल.

अंकलना हात लागतो. गरम आहेत. पाणी प्यायले, आंटीने पाजलं, घशातून खाली गेलं. ती देवाचे आभार मानतेय आणि रडतेय.

बरगड्या मोडल्यात. कमरेपासून अंग डावीकडे वळलेलं, गल्लीच्या उलट्या बाजूला. डॉक्टर म्हणाले, गाडीने ठोकलंय. पोलीस वाडीत येऊन विचारून गेले. लोक म्हणाले, साहेब, या गल्लीत गाडी येत नाही. हातगाडीसुद्धा तिरकी करावी लागते.

मला आत सोडलं. अंकलनी बोटाने जवळ बोलावलं. म्हणाले, डिझेलचा वास आला होता. मग म्हणाले, पोरा, काचेमागे तूच होतास ना. ब्रेक का नाही मारलास रं.

रागाने नाही. खरंच विचारत होते.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिसात गेलो. सगळ्या मशीनच्या वायरी उपटायच्या असं ठरवून गेलो होतो. दोन उपटल्या. हितेंद्रने मागून धरलं. म्हणाला, वेड्या, डेटा इथे नाहीच, बाहेर सर्व्हरवर आहे, अख्खा गाळा जाळलास तरी राहील. कॉलिन हॉस्पिटलातच होता, फोनवरून त्याने सांगितलं, याचं कार्ड काढून घ्या, याला पुन्हा आत घेऊ नका.

बाहेर काढत होते तेव्हा स्पृहाची स्क्रीन दिसली.

गल्लीचं तोंड. झुडूप, उंच. पानं कसलीतरी, शेवग्यासारखी. खोड सरळ, वरचं टोक मागे कललेलं, आभाळाकडे बघितल्यासारखं. आणि पाठीला मोठं कुबड.

सॅक.

ती म्हणाली, काय झालं, असा काय बघतोस? हे गेमच्या जाहिरातीचं, ट्रेलरचं झाड. उद्या करायचंय. दहा टायरचा ट्रक गल्लीत शिरतो आणि पहिल्यांदा हे मोडतं, पानं उडतात, मग नाव येतं. कॉलिन सरांनी आधीच ठरवलंय. मोडणारं.

मी काय बोललो आठवत नाही. ती घाबरली. दार लावून घेतलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

पळायचं. तेवढंच तर मला येतं. सकाळी सॅक भरली. आंटी हॉस्पिटलात. किल्ली कुंडीखाली ठेवली, क्रोटनला हात न लागता.

गल्लीच्या तोंडाशी आलो. वायरीत तो पतंग अजून होता, फाटलेला. वर बघितलं. नुसतं वर बघितलं.

पाऊल उचलत नाही.

शुक्रवारच

उभा आहे. लोक बाजूने जातात. एक जण म्हणाला, भाई, फोटो काढतोस का, थांबू का. दोघांनी मला धरून ओढलं. हात लागतो अजून. पण पाय जमिनीत. उपटता येत नाहीत असे. मग ते हसले, म्हणाले नाटकं करतो, आणि गेले.

डायरी सॅकच्या बाजूच्या खिशात होती, हात पोचला.

स्पृहाला फोन केला. पहिल्यांदा उचलला. म्हणाली, हो रे, समजलं, बोलते मी सरांशी, तू आधी घरी जाऊन झोप. मागे लेथचा आवाज. तिचं टेबल थरथरत असणार. परत लावला, उचलत नाही. कॉलिनचा बंद. हितेंद्रने लिहून पाठवलं: आराम कर भाऊ.

मनूला लावला. क्लासला असेल. आईला लावला. ती विचारते, जेवलास का. हो म्हणालो. कुठे आहेस? इथेच आहे, म्हणालो.

अजून

मान खाली होत नाही. वर बघत लिहितोय, ओळ सरळ येत नसेल. कावळा आला. तोच असेल. शेपटी ओढतोय.

पाठीवरच्या सॅकचे पट्टे सुटत नाहीत. हातावर शहारे. नाही— बारीक काहीतरी. हिरवं. पुसलं तर परत—

अंकलना कोणीतरी सांगा की मी ब्रेक— टेम्पोला ब्रेक होता. मी दाबला नाही. दाबला असता तर धडक मोजली नसती. ते तसेच राहिले असते, पाण्याशिवाय. सांगा कोणीतरी

वास येतोय. डिझेल.

या गल्लीत ट्रक शिरूच शकत नाही. दोन्ही बाजूंच्या कठड्यांना— रस्त्यावरून एक म्हातारी चाललीय, तिला काही ऐकू येत नाही. जमीन थरथरतेय. लेथसारखी

दिसतोय. डोळ्याच्या कोपऱ्यातून. काचेमागे स्पृहा. ओठ चावतेय, ती काम करताना चावते तसा. तिला मी दिसत नाहीये. तिला झाड

स्पृहा ब्रेक

मनू, ही मी अर्धी टाकली नाही हां. या वेळी मी कुठे गेलो नाही. इथेच उभा आहे, आणि